वरातीच्या घोडीचे खूर

पुंडलिकनगरात कुणी घोडी बांधतं का? आमच्याकडं बांधलेली होती. घराशेजारी एक मोकळा प्लॉट आहे. मालक पुण्याला असतो, त्यानं कधी तोंड दाखवलं नाही, म्हणून आमच्या भावजींनी तिथं चार पत्रे ठोकले आणि घोडी आणून उभी केली. भावजी म्हणजे माझे दीर, वरच्या मजल्यावर राहतात. कुठल्याच नोकरीत त्यांचं बस्तान बसलं नाही, तवा त्यांना वरातीचा धंदा सुचला. बँडवाल्यांशी ओळख होती, घोडी पांढरीफेक होती, झालं. कॉलनीतल्या लोकांनी आधी नाकं मुरडली, मग तिच्यापुढं लेकरांना उभं करून फोटो काढायला लागले.

घोडी कसली, जरा मोठ्या अंगाचं तट्टूच ते. तिची पाठ माझ्या खांद्याला लागायची. पण अंगावर झूल, कपाळावर तुरा, पायात घुंगरं चढवली की तिची उंची कोण बघतं! वर बसणारा नवरदेव कितीका आडदांड असेना, तिनं न्यायचाच. तिला नाव नव्हतं. बुकिंग करणारे फोनवर ‘ती व्हाइटवाली’ म्हणायचे. मी तिला ‘बाय’ म्हणायचे.

मी पाचोडकडची, धनगराची लेक. माझ्या बापाच्या मेंढरांमागं तट्टं असायची आणि आमचं सगळं बिऱ्हाड त्यांच्या पाठीवर असायचं. भांडी, घोंगड्या, नुकतीच जन्मलेली कोकरं, आणि चालून चालून मी रडायला लागले की मी. मुक्कामाला पोचलं की बाप आधी तट्टाचे पाय हातात घ्यायचा, खुरातला खडा काढायचा, मग भाकरीकडं बघायचा. सासरी आल्यावर हे मी कुणाला फार सांगत नव्हते. सांगितलं की ‘आमची वहिनी मेंढरामागची’ म्हणून चेष्टा व्हायची. त्यामुळं घोडी आली तरी मी लांबच राहिले. ज्याची त्यानं बघावी, म्हणलं.

तुळशीचं लग्न झालं आणि तारखा निघाल्या. त्यातलं एक लग्न आमच्याच कॉलनीतल्या घरचं, म्हणून मीही वरातीत होते. वरात गुलमंडीवरून जायची होती. नवरदेव चढायच्या आधी त्याच्या बहिणीनं घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारायची, ही रीत आधी मी मारवाड्यांच्याच लग्नात बघितली होती. आता सगळ्यांनी उचललीय. सख्खी बहीण चारते, मग चुलत, मग आत्ते, मग मैत्रिणी. फोटो नीट आला नाही म्हणून परत चारतात. मग कुणाला तरी माया येते आणि पेढा घालतात, काजूकतली घालतात. एका दिवसात दोन-दोन वराती, आणि दर वरातीला हा लाड. भावजी कौतुकानं बघत उभे. बरंच झालं, त्यांचा खुराक वाचत होता.

गुलमंडीवर वरात थांबली, बँडवाल्यांनी जोर धरला आणि घोडी पुढचा एक पाय उचलून टेकवायला लागली, मग दुसरा, मग परत पहिला. मागचे पाय पोटाखाली ओढलेले, सगळं अंग मागं टाकलेलं. पब्लिक खूश. “नाचतीय रे, नाचतीय!” शिट्ट्या काय, नोटा ओवाळणं काय! कपड्यांच्या दुकानांतून गिऱ्हाइकं बाहेर येऊन मोबाइल धरून उभी राहिली.

ती नाचत नव्हती हो! तिला पाय टेकवत नव्हता. मी लोकांना ढकलत पुढं गेले, साडी सावरत खाली बसले आणि खुराला हात लावला. चुलीवरून उतरवलेल्या तव्यागत गरम. मी भावजींना ओरडून सांगितलं, “आवो, उतरवा त्याला, घोडीचे पाय गेलेत!” बँडपुढं कुणाला ऐकू येतंय? भावजींना ऐकू आलं, तर ते दात-ओठ खात म्हणाले, “वहिनी, लोकांत तमाशा करू नका. घरी जाऊन बोलू.” नवरदेव काही उतरला नाही. ती तशीच मंडपापर्यंत गेली आणि लोक तिच्या पुढं-मागं नाचत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. जनावराच्या डॉक्टरला बोलावलं. तो म्हणाला, खुराच्या आत सूज आलीय. अंगापेक्षा जास्त दाणा आणि गोड पोटात गेलं की घोड्याच्या पायात उतरतं, त्यात ही डांबरावर नाचवलेली. इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, “दाणा बंद, गूळ बंद, फक्त वाळलेलं गवत, तेही पाण्यात भिजवून, गोडी उतरवून. उभी राहील तिथं मऊ पाहिजे. हिवाळा जाईल यात. नाहीतर आतलं हाड तळव्यातून बाहेर येतं, मग काही होत नाही.”

भावजींनी ते सगळं ऐकलं आणि डॉक्टरची गाडी कोपऱ्यावरून वळायच्या आत म्हणाले, “देऊन टाकतो. एक जण हाय वळखीचा, मोडकी जनावरं घेतो.”

मोडकी जनावरं घेणारा काय करतो, हे न कळायला मी काय कालची पोर होते? मला इतका राग आला की मी जिन्यात उभी राहून भांडले. सगळी गल्ली ऐकत होती, ऐकू दे म्हणलं. “तिच्या जिवावर दोन वर्षं खाल्लं आन आता तिला खाटकाकडं? हा हिवाळा माझ्याकडं द्या. मी बघते तिचं. चालली तर इथंच ऱ्हाईल आन परत वरातीला जायची नाय. नाय चालली तर तुमच्या मनाला येईल ते करा.” भावजी आमच्या ह्यांच्याकडं बघायला लागले. हे वाळूजला कंपनीत जातात, घरातल्या भांडणात पडायचं नाही हा त्यांचा नेम. ते म्हणाले, “दे की तिला. तेवढंच तिचं समाधान.” मग भावजी हसले. “घ्या वहिनी. तुमचीच समजा.”

मी समजले. त्यांच्या शब्दावर मी तो सगळा हिवाळा काढला.

नाल काढायला जुन्या शहरातून नालबंद चाचा आले. म्हातारा भलता खट. आल्या-आल्या चहा मागितला, चहा पिऊन साखर कमी म्हणून कुरकुर केली, मग डॉक्टरच्या नावानं ठणाणा केला, मग भावजींच्या. “दाल खिला खिला के मार डाले जी इसको!” नाल उपसताना घोडी एवढी थरथरत होती की मी तिचं डोकं छातीशी धरून उभी होते. चाचांनी खुराची पुढची वाढलेली कड तासली, सरळ उभे राहिले आणि मला म्हणाले, “बाई, सब्र है क्या तुम्हारे पास?” मी म्हणलं, नाही, माझ्याकडं फक्त राग आहे. ते खी-खी हसले. “चलेगा, वो भी चलेगा.”

मागच्या गल्लीत बांधकाम चालू होतं. तिथल्या मुकादमाला हातापाया पडून घमेल्यानं वाळू आणली आणि पत्र्याखाली अंथरली. रोज पहाटे ती वाळू चाळायची, ओली झालेली काढायची. सुरुवातीचे दिवस तिचे पुढचे पाय थंडगार पाण्याच्या टबात ठेवायचे. थंडी अशी की नळाचं पाणी हाताला चावायचं. माझ्या बोटांना भेगा पडल्या, भाकरी थापताना पीठ भेगांत जाऊन आग व्हायची. खुरांना खालून मऊ काही पाहिजे होतं, तर ह्यांनी पोट कमी करायला हौसेनं आणलेली योगाची चटई कपाटावर तशीच गुंडाळलेली होती. ती मी खुराच्या मापानं कापली, थर लावले, चिकटपट्टीनं पायाला बांधले. हे म्हणाले, “माझी चटई!” म्हणलं, तुमचं पोट काय कमी होणार नाय, निदान तिचे पाय तरी सुधरू द्या. त्यावर मात्र हसले.

भावजींचा सुरुवातीला असा ग्रह होता की तिच्या पायात थंडी भरलीय. मला न सांगता बाजरी शिजवून त्यात गूळ-मेथी कालवून चारत होते, बाळंतिणीला द्यावं तसं. ते मी बघितलं तवा तपेलंच उचलून नालीत ओतलं. “डॉक्टरनं काय सांगितलं होतं?” म्हणलं. तर म्हणे, डॉक्टरला काय कळतंय थंडीतलं. चार दिवस आमचं बोलणं बंद होतं.

पण खरी लढाई कॉलनीतल्या बायकांशी झाली. मार्गशीर्ष लागला, गुरुवार सुरू झाले. घरोघर लक्ष्मीचा घट बसतो, संध्याकाळी नैवेद्य होतो आणि त्यातला एक घास गायीला द्यायचा असतो. आता आमच्या कॉलनीत गाय कुठली? येते ती कचऱ्याच्या गाडीमागं. तिला सवाष्णींनी कुठं शोधायचं? कुणाच्या तरी डोक्यात आलं की घोडी आहेच की शेजारी. झालं! पहिल्या गुरुवारी मला पत्ताच नव्हता. शुक्रवारी सकाळी बघते तर ही परत मागं रेललेली, डोळे अर्धे मिटलेले, श्वास फुललेला. आठ दिवसांची सगळी मेहनत पाण्यात. माझं काय चुकलं, काय चुकलं म्हणून मी सगळीकडं बघितलं, तर वाळूत पुरणपोळीचा तुकडा सापडला. तूप लावलेला.

मी घरोघर जाऊन सांगितलं. आधी गोडीत. “काकू, तिला गोड चालत नाय, पाय सुजतात.” काकू म्हणाल्या, “एवढ्याशा घासानं काय होतंय गं? देवीचा प्रसाद आहे, बाधत नसतो.” दुसरीकडं म्हणलं, आवो, ती गाय नाय. तर म्हणे, “देवाला सगळी जनावरं सारखीच.” सारखीच ना? मग कुत्र्याला घाला! हे मी मोठ्यानं बोलले आणि तिथून बिनसलं.

पुढच्या गुरुवारी मी स्वतःची पूजा लवकर उरकली आणि प्लॉटच्या तोंडाशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले. नऊवारीपासून गाऊनपर्यंत एकेक जण ताट घेऊन यायची आणि मला बघून थबकायची. एक तर म्हणाली, “मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढतेयस, कुठं फेडशील हे?” मी म्हणलं, “इथंच फेडते, रोज पहाटे टबात.” तिला काही कळलं नाही. ती ताट तसंच झाकून निघून गेली आणि जाताना मला ऐकू जाईल अशा बेतानं ‘मेंढकं ते मेंढकंच’ म्हणाली. मी खुर्चीवरून उठले नाही. पण लागलं. अजून लागतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला फारशी बोलावणी आली नाहीत. ज्यांच्या बाळंतपणाला मी धावले, त्यांनी वाण लुटलं आणि माझ्या दारावरून पुढं गेल्या. मी साडी नेसून बसले होते. मग साडी बदलली आणि घोडीचे पाय बघायला गेले. माणसांपेक्षा जनावर बरं असं म्हणायची पद्धत आहे, पण मला तसं काही वाटलं नाही. मला माणसंच पाहिजे होती. तिळगूळ पाहिजे होता.

तिचं मात्र सुधरत होतं. वरून नवा खूर उतरत होता, बोटाच्या रुंदीएवढा, स्वच्छ, गुळगुळीत. चाचा तीन-चारदा येऊन तासून गेले, दर वेळी चहात साखर कमीच. घोडी आता पाय मागितला की आपण होऊन हातात द्यायची. माझ्या पायाचा आवाज आला की नाकातून फुर्र करायची. आणि संक्रांतीनंतर एका सकाळी मी गवत भिजवत होते, तर मागं खडखड झाली. बघते तर ही वाळूवरून उतरून, पत्र्याच्या बाहेर, सरळ रस्त्यावर. डांबरावर! चारी पाय नीट टाकत ती समोरच्या घराच्या जास्वंदीकडं गेली आणि खुशाल फुलं खायला लागली. त्या घरची बाई ओरडत होती आणि मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून रडत होते. हसायचं तर हसा. माझी लेक पहिल्यांदा चालली तवा एवढी रडले नव्हते.

त्या दिवसापासून भावजींचं बोलणं एकदम गोड झालं. “वहिनी, तुमच्या हाताला गुण हाय,” “वहिनी, चहा घ्या.” पत्र्याखाली येऊन तिला बघायचे, तिची पाठ थोपटायचे. मला वाटलं, पश्चात्ताप झाला असेल माणसाला. मीही सैल झाले. एकदा त्यांना भजी तळून पाठवली.

माघ लागला. एका सकाळी ते एका माणसाला घेऊन आले. अंगात जाकीट, गळ्यात मफलर. “वहिनी, हे घोड्यांतले मोठे जाणकार. डॉक्टरांच्या वळखीचे. चाल बघतो म्हणतात, मंग दवाखान्यात नेऊन पायाचा एक्स-रे काढू, म्हंजी तुमच्या जिवाला घोर नको.” मला काय आनंद झाला! कुणीतरी जाणणारं बघायला आलंय. मी तिला खरारा केला, शेपूट विंचरली आणि रस्त्यावर काढली. आधी चालवली, मग पळवली. माझ्या वयाची बाई साडी खोचून घोडीबरोबर पळतेय, गॅलऱ्यांतून सगळ्या बघतायत. बघू द्या म्हणलं! तो माणूस आला, त्यानं तिचा जबडा उघडून दात बघितले, मग एकेक खूर उचलून बघितला. “टंच झालेत पाय,” म्हणाला. “कुणाला वाटायचं नाय, काय झालं व्हतं म्हणून. काय केलंत?” आणि मी त्याला सगळं सांगितलं. वाळू, टब, चटई, सगळं. दात बघितले तवाच मला कळायला पाहिजे होतं. एक्स-रे काढणारा दात बघत नसतो. धनगराची लेक मी, बाजारात बापाच्या बोटाला धरून वाढलेली, आणि कुणीतरी कौतुक केलं तर एवढी भुलले.

कोपऱ्यावर टेम्पो उभा होता. तिला टेम्पोची भीती, वरातीला त्यातच कोंबून न्यायचे. भावजींनी ओढली, त्या माणसानं मागून रेटली, ती काही हलंना. कान मागं, डोळे पांढरे. भावजी घामाघूम होऊन म्हणाले, “वहिनी, तुमचंच ऐकती ती.” मी म्हणलं, ओढू नका, पायाला लागंल. घरातनं जुनं पोतं आणून फळीवर टाकलं, घसरू नये म्हणून. मी आधी टेम्पोत चढले, हात पुढं केला, म्हणलं, “ये बाय. ये. मी हाय.” तिनं फळी हुंगली, माझ्याकडं बघितलं आणि एकेक पाय जपून टाकत माझ्यामागं चढली. मी तिला दावं बांधून दिलं, सैल, मान हलेल असं. दुपारपर्यंत आणा, म्हणलं, तिच्या गवताची वेळ होते.

दुपार झाली. मी गवत भिजवून ठेवलं. संध्याकाळ झाली. भावजी फोन उचलंनात, वरच्या मजल्याला कुलूप. ॲक्सिडेंट झाला असंल, तिचा पाय मोडला असंल, काय काय मनात आलं. जे झालं होतं तेवढं मात्र आलं नाही. हे कंपनीतून आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. मी ताट वाढता वाढता म्हणलं, “आवो, बघून या की जरा दवाखान्यात. सकाळपास्नं गेलीय.”

ते खाली बघूनच म्हणाले, “दवाखान्यात नाय ती. जालन्याच्या वरातवाल्याला दिली. माघाच्या तारखा हायेत, त्याला चालती घोडी पायजे व्हती.”

मी म्हणलं, “तुम्हाला ठाऊक व्हतं?”

“व्हय.”

“कवापास्नं?”

“तिनं जास्वंद खाल्ली ना, त्याच आठवड्यात ठरलं.”

म्हणजे तिच्यासाठी गिऱ्हाईक ठरलेलं असताना मी तिच्या चटया बदलत होते. तिला मीच विकायजोगी केली आणि मीच हाक मारून चढवली. आता तिथं कुणाच्या तरी बहिणी डाळ भिजवून बसल्या असतील. माझ्या हातात भाकरी होती, ती हातातच राहिली. मी म्हणलं, “मला का नाय सांगितलं? एका घरात ऱ्हातो आपण. तुम्ही तरी सांगायचं.”

त्यांनी पहिल्यांदाच वर बघितलं. चिडून नाही, अगदी साधेपणानं विचारलं, “सांगितलं असतं, तर तू चढवली असतीस का?”

“नसती चढवली,” मी म्हणलं.

“मंग,” ते म्हणाले, आणि भाकरीसाठी ताट पुढं केलं.